पुढच्या शनिवारी दार उघडेल

साउथहॅम्प्टनला पाहण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर पुण्यात बऱ्याच जणांनी विचारलं. मला नीट उत्तर देता आलं नाही. तिथे मोठं बंदर आहे, जुन्या तटबंदीचे तुकडे आहेत आणि धक्क्याला आमच्या सोसायटीपेक्षा उंच बोटी लागलेल्या असतात. पण बंदर मी बसच्या खिडकीतून पाहिलं आणि तटबंदी पाहिलीच नाही. आम्ही तिथे एका चर्चच्या हॉलमध्ये, भर दुपारी पडदे ओढून, एका जुन्या टीव्ही मालिकेचा एक भाग पाहायला गेलो होतो. तेवढं पाहून परत आलो. एका दिवसाचा प्रवास. तो लिहून काढायचं कारण म्हणजे तो सबंध दिवस मी घाबरलेली होते, आणि कशाला घाबरले होते ते मला अजून नीट सांगता येत नाही.

हॅरो

मी लंडनजवळ हॅरोला सुनंदामावशीकडे राहायला गेले ते २००५ सालच्या ऑगस्टात. जुलैत लंडनच्या भुयारी गाड्यांमध्ये आणि एका बसमध्ये पाठपिशव्यांतल्या बॉम्बचे स्फोट झाले होते. त्यानंतर काही दिवसांनी स्टेशनात एका निरपराध तरुणाला संशयावरून गोळ्या घातल्या गेल्या. आई तिकीट रद्द करायला निघाली होती. मावशीने फोनवर सांगितलं, "अगं, इथे सगळं नॉर्मल आहे, पाठव तिला."

नॉर्मल म्हणजे काय, ते पोचल्यावर कळलं. गाडीत चढणाऱ्या माणसाची लोक आधी बॅग पाहत, मग चेहरा. माझ्यासारख्यांचा चेहरा जरा जास्त वेळ. वर्तमानपत्र किंचित वर जाई, एवढंच. मला पुण्यातल्या टक लावून पाहणाऱ्या नजरांची सवय होती. इथली नजर पटकन काढून घेतली जायची, तिची सवय होईना.

मावशी कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी करते. वीस वर्षं ती पँट-शर्टवर, बिनटिकलीची कामाला जात होती. त्या उन्हाळ्यात ती कपाळावर आठ आण्याएवढी लाल टिकली लावायला लागली. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने टिकल्यांचं एक पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"बाहेर जाताना लावायची. विसरायची नाही."

"मावशी, मी घरीसुद्धा लावत नाही."

"घरी लोकांना माहिती असतं आपण कोण आहोत ते. इथे सांगावं लागतं. आपण ते नाही, एवढं कळलं की बास."

'ते' म्हणजे कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इंग्रजी मला येतं, मराठीही येते, पण ऐन वेळी बोलणं मला येत नाही.

काकांची गोष्ट वेगळी होती. मावशीचे यजमान, शरदकाका, त्याच वर्षी हॉस्पिटलातून निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दाढी ठेवली. पांढरी, भरगच्च, छातीकडे निघालेली. जुलैपासून मावशी त्या दाढीच्या मागे लागली होती.

"अहो, नुसती ट्रिम तरी करा. टिकली तुम्हाला लावता येत नाही, निदान दाढी तरी काढा."

"पस्तीस वर्षं पेशंटसाठी रोज गुळगुळीत केली," काका म्हणत. "आता एक गोष्ट स्वतःसाठी वाढवतोय, तर तीही नको?"

हा वाद रोज नाश्त्याला चाले. मग एक दिवस साउथहॅम्प्टनहून फोन आला आणि वादाला धार चढली.

काका पहिल्यांदा इंग्लंडला आले ते १९७०च्या सुमारास, साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात. डॉक्टरांच्या क्वार्टर्समध्ये त्यांच्या खोलीत औरंगाबादचे डॉक्टर रशीद होते. दोघे मेडिकलपासूनचे दोस्त. पेशंट काय बोलतात ते दोघांनाही कळत नसे, विशेषतः म्हातारे पेशंट. म्हणून त्यांनी एक कॅसेट रेकॉर्डर घेतला. दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर अंतराळातली एक मालिका लागे. टीव्हीसमोर माइक धरून ते ती रेकॉर्ड करत आणि आठवडाभर तीच टेप पुन्हा पुन्हा ऐकून कान तयार करत. इंग्रजीसाठी सुरू केलं आणि मालिकेच्या नादाला लागले.

त्यातल्या एका भागाची गोष्ट काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. एका ग्रहावर वादळ सुटतं, दोन परके प्रवासी माणसांच्या चौकीच्या दाराशी येऊन आसरा मागतात, आतली माणसं त्यांना घाबरतात, आणि शेवटी दार उघडतात. "रस्त्यात आम्हाला काहीबाही ऐकावं लागायचं तेव्हा," काका म्हणाले. "आमच्याविषयी उघड कोणी बोलत नसे. पण शनिवारी संध्याकाळी, परग्रहावरच्या माणसांचं नाव घेऊन, कोणीतरी आमच्याविषयी बोलत होतं. ते दार उघडलं तेव्हा मला वाटलं, राहू शकू आपण इथे."

त्या काळी टीव्हीवाले टेपा पुसून पुन्हा वापरत. तो भाग पुसला गेला होता. आता कुठल्याशा परदेशी गोदामात त्याची फिल्म सापडली होती, पण शेवटच्या काही मिनिटांना आवाज नव्हता. मालिकेच्या चाहत्यांचं एक मंडळ होतं, त्याच्या सेक्रेटरी पॅट नावाच्या बाई. त्यांना रशीदकाकांकडून कळलं की आवाजाची कॅसेट हॅरोला आहे. तेव्हा काकांनी कॅसेट घेऊन यावं आणि सगळ्यांनी मिळून भाग पाहावा, असं ठरलं.

"पोस्टाने पाठवा ना," मावशी म्हणाली.

"पोस्टात हरवली तर?"

"आणि तुम्ही हरवलात तर?"

शेवटी मला बरोबर पाठवायचं ठरलं. टिकलीसकट.

जाताना

कॅसेट त्या जुन्या रेकॉर्डरवरच नीट चालायची, म्हणून रेकॉर्डरही घ्यावा लागला. इथे मावशीने तिची खास बांधाबांध केली. आपल्याकडे परदेशी जाणाऱ्याची बॅग जशी बांधतात तशी. रेकॉर्डर जुन्या टॉवेलात गुंडाळला, त्यावर चिकटपट्टीचे वेढे दिले, माइकची वायर आणि जादा बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत, त्याखाली स्टीलच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि हे सगळं एका काळ्या पाठपिशवीत. बिचारीच्या डोक्यात एवढंच होतं की काही फुटू नये. ती पिशवी कशी दिसते आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं ते वॉटर्लू स्टेशनात, जिथे फलाटाच्या तोंडाशी दोन पोलीस छातीवर बंदुका धरून उभे होते. मी बंदूक इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. काका त्यांच्याजवळून पाठपिशवी लावून, दाढी वाऱ्यावर सोडून, शीळ घालत गेले. मी चार पावलं मागून चालत होते.

गाडीत टेबलाची जागा मिळाली. समोर एक साठीचं इंग्रज जोडपं होतं. लंडन मागे पडलं, लाल विटांच्या घरांच्या पाठीमागच्या बागा सुरू झाल्या, मग शेतं. मी जरा सैलावले. काका चहा आणायला गेले आणि पाठपिशवी सीटवर ठेवून गेले. चेनमधून वायरीचं एक टोक बाहेर लोंबत होतं.

समोरच्या माणसाने आधी वायर पाहिली. मग मला विचारलं, "ही बॅग तुमची का?"

साधा प्रश्न. उत्तर एका शब्दाचं. पण मी नुसती मान हलवली, आणि तीही धड हो नाही, धड नाही नाही, अशी. त्याने वर पाहिलं. खिडकीच्या वर गाडी थांबवायची लाल कडी होती.

"त्यात काय आहे?" त्याचा आवाज बदलला होता.

मला सगळी वाक्यं माहीत होती. हा टेपरेकॉर्डर आहे. माझ्या काकांचा आहे. ते चहा आणायला गेलेत. एकही बाहेर येईना. पलीकडच्या रांगेतली बाई उभी राहिली आणि लेकराला उचलून पुढच्या डब्यात गेली.

तेवढ्यात त्याच्या बायकोने त्याच्या बाहीला हात लावला. "अरे, काही नाही. तिच्या कपाळावर बघ. तो ठिपका. हिंदू आहे ती." मग माझ्याकडे पाहून अगदी प्रेमाने हसली. "सॉरी हं. दिवसच असे आलेत."

तो टेकून बसला. मीही हसले. अंगातून कढत पाणी उतरावं तसं वाटलं. मावशीचं बरोबर होतं, टिकली चालली. आणि मग मला कळेना की पाहायचं कुठे. खिडकीबाहेर पाहिलं तर काचेत ती टिकलीच दिसत होती.

काका चहा घेऊन आले. त्या माणसाची नजर दाढीवर गेली, माझ्या कपाळावर आली, आणि शांत झाली. काकांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी डबा उघडून दोघांनाही पुऱ्या दिल्या. बाईंनी एक खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि रेसिपी विचारली.

चर्चचा हॉल

रशीदकाकांना मी फोटोंत पाहिलं होतं. मावशीच्या घरी दिवाळीच्या एका जुन्या फोटोत ते आहेत, काळ्याभोर दाढीचे, हातात चकली. स्टेशनवर तसं कोणी दिसेना. काका तरातरा पुढे निघाले, तेव्हा मागून आवाज आला, "शऱ्या, कुठं चाललास? हिकडं बघ की."

रशीदकाकांचा चेहरा गुळगुळीत होता. गालांखालची कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा फिकट, नुकतीच उजेडात आल्यासारखी. काका बघतच राहिले.

"दाढी?"

"पोरीनं काढायला लावली. तू काय माझी घेऊन आला का?"

"बायको काढ म्हणाली म्हणून ठेवली."

दोघे इतके हसले की लोक वळून पाहायला लागले, आणि लोक वळल्यावर दोघेही एकदम हसायचे थांबले. ते थांबणं मी विसरलेले नाही.

हॉल बसच्या रस्त्यावर होता. घड्या घालायच्या खुर्च्या, चहाचं मोठं भांडं, बशीत क्रीमची बिस्किटं. आपल्याकडे असा कार्यक्रम असता तर आधी हार, दीपप्रज्वलन आणि तीन भाषणं झाली असती. इथे पॅटबाईंनी "टॉयलेट उजवीकडे आहे" एवढंच सांगितलं आणि दिवे घालवले. काही जण मालिकेतल्यासारखे चंदेरी बूट घालून आले होते. सगळे आमच्याशी फार चांगले वागले. काकांसाठी पहिल्या रांगेत जागा ठेवली होती, रेकॉर्डरसाठी टेबल, त्यावर स्वच्छ टेबलक्लॉथ.

भाग सुरू झाला. कृष्णधवल चित्र, हलणाऱ्या भिंती, चौकीचं दार तर सरळ प्लायवूडचं. पण थोड्या वेळाने मी ते सगळं विसरले.

दोन परके वादळातून दाराशी येतात. दोघे एकाच ग्रहावरचे, पण दोन वेगळ्या जमातींचे. एका जमातीने पूर्वी अशाच एका चौकीवर हल्ला केलेला असतो. माणसांना दोघांत फरक दिसत नाही. म्हणून त्यातल्या एकाने गळ्यात पांढरा पट्टा बांधलेला असतो. पट्टा म्हणजे मी त्यांच्यातला नव्हे. पहारेकरी दाराच्या फटीतून विचारतो, "तुम्ही दोघे एकत्र आहात का?" पट्टेवाला सोबत्याकडे पाहतो. सगळी वाट त्याने या सोबत्याचाच हात धरून काढलेली असते. मग तो म्हणतो, "नाही."

माझ्या कपाळावर टिकलीच्या जागी काहीतरी चावतंय असं वाटायला लागलं. अंधार होता म्हणून बरं.

त्याला आत घेतात. दार बंद होतं. इथे फिल्मचा आवाज गेला आणि काकांनी कॅसेट चालू केली. खरखर झाली, मग संवाद आले, आणि संवादांच्या मागे आणखी एक खोली ऐकू यायला लागली. कपबशीचा आवाज. कोणाची तरी खोकल्याची ढास. पडद्यावर पट्टेवाल्याला गरम पेय देतात. तो शेकोटीजवळ बसतो. पहारा बदलतो. नवा पहारेकरी येतो, त्याला पट्ट्याचं काहीच माहीत नसतं. तो त्या परक्याकडे नुसता पाहतो आणि त्याचा हात कमरेच्या हत्याराकडे जातो. परका घाईघाईने पट्टा दाखवतो. पहारेकरी विचारतो, "हे काय आहे?" आणि चित्र थांबतं.

दार पुन्हा उघडत नाही. बाहेर राहिलेला माणूस पुन्हा दिसतच नाही.

शेवटच्या संगीतावर, टेपमध्ये, एक तरुण आवाज मराठीत म्हणाला, "नाही उघडलं रे दार, शऱ्या." आणि दुसरा, काकांचाच पण पातळ, म्हणाला, "उघडतील. पुढच्या शनिवारी उघडतील."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. चंदेरी बुटांतला एक जण उठून म्हणाला की ही मालिका काळाच्या किती पुढे होती, तेव्हा कोणाची हिंमत होती असं बोलायची. पॅटबाईंचे डोळे ओले होते. मी दिवे लागल्यावर पडद्याजवळ लावलेले फोटो पाहिले. परक्यांचं काम करणारे दोघेही गोरे नट होते, चेहऱ्याला गडद रंग फासलेले.

"त्यांना आपल्यातला कोणी मिळाला नसेल," काका म्हणाले.

"आपण दोघं होतो की. फुकट आलो असतो," रशीदकाका म्हणाले.

मी रेकॉर्डर पुन्हा टॉवेलात गुंडाळत होते. चंदेरी बूटवाला माझ्या हातातली वायर पाहून हसला. "हे घेऊन भुयारी गाडीत जाऊ नका हं." सगळे हसले. काकाही हसले. रशीदकाकांचा हात आपोआप गालाकडे गेला, जिथे आता काही नव्हतं.

बाहेर आल्यावर काका बसथांब्याशी रशीदकाकांकडे वळले. "मी सगळ्यांना दार उघडलं म्हणून सांगत आलो," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी मला ड्यूटी होती. तू पाहिलास ना तो भाग? उघडलं का मग?"

"दुसरीच गोष्ट होती," रशीदकाका म्हणाले. "वादळाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. तुला सांगितलं नाही तेव्हा. तू खूश होतास."

परतीची गाडी

रशीदकाकांच्या नातीचा दुसऱ्या दिवशी वाढदिवस होता, लंडनमध्ये मुलीकडे, इल्फर्डला. डोळ्याच्या ऑपरेशनपासून ते लांब गाडी चालवत नाहीत, आणि जुलैपासून रेल्वेत बसलेले नव्हते. मुलगीच म्हणत होती, अब्बा, नका येऊ.

"आमच्याबरोबर चल," काका म्हणाले.

"बॅग नाही, कपडे नाहीत."

"बॅग नाही तेच बरं."

त्यांना यायचं होतं ते तोंडावर दिसत होतं. भीतीही दिसत होती. मला काकांचा राग आला. ही बॅग, हे दोन म्हातारे, आणि मी. मला एकटीला टिकली लावून खिडकीत बसून घरी जायचं होतं. पण तोवर रशीदकाकांनी तिकीट काढलं होतं.

गाडी भरलेली होती. काका बसल्या बसल्या झोपले. रशीदकाका खिडकीशी, दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसले होते. हात सगळ्यांना दिसतील असे. विंचेस्टर स्टेशन गेलं तरी त्यांनी ते हलवले नाहीत. कपाळावरून घामाचा ओघळ आला, तोही पुसला नाही. दाराजवळ उभा असलेला एक तरुण आमच्याकडे पाहत होता. त्यांच्याकडे, माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे, पुन्हा त्यांच्याकडे. मग तो डब्याच्या टोकाला गेला. तिकडून तिकीट तपासनीस येत होता. तरुण त्याच्याशी खालच्या आवाजात काही बोलला.

माझा हात कपाळाकडे गेला. टिकली नव्हती. हॉलच्या अंधारात केव्हातरी घामाने सुटली असणार. पाकीट पर्समध्ये होतं आणि पर्स पिशवीखाली अडकली होती. मी ओढायला लागले तोवर तपासनीस समोर उभा होता. उंच, थकलेला माणूस. त्याने काकांचं आणि माझं तिकीट पाहिलं, रशीदकाकांचं वेगळं तिकीट उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्याकडे वळला, कारण जागी आणि बोलण्यासारखी मीच दिसत होते.

"तुम्ही सगळे एकत्र आहात का?"

रशीदकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते, मला मोकळीक द्यावी तसे.

"हो," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की काका जागे झाले. "तिघेही एकत्र आहोत. हे माझे काका, हेही माझे काका. बॅगही आमची आहे. तिच्यात टेपरेकॉर्डर आहे आणि पुऱ्या आहेत. उघडून दाखवू का?"

सबंध डबा ऐकत होता. तपासनीसाने पिशवीकडे एकदा पाहिलं. मग त्याने तिकिटं परत दिली.

"नको. एकत्र होता तर ग्रुप तिकीट काढायचं, स्वस्त पडलं असतं," तो म्हणाला आणि पुढे गेला.

त्या तरुणाने त्याला काय सांगितलं होतं, ते मला कधीच कळणार नाही. कदाचित तो टॉयलेट कुठे आहे, एवढंच विचारत असेल. रशीदकाकांनी गुडघ्यांवरचे हात उचलले, चेहरा पुसला आणि म्हणाले, "बेटा, पुरी उरली आहे का एखादी?"

वॉटर्लूला आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. आम्हाला बस पकडायची होती, त्यांना भुयारी गाडी. "पोचल्याचा फोन कर," काकांनी तीन वेळा सांगितलं. सरकत्या जिन्यावर त्यांचं डोकं खाली खाली जाताना मी पाहत होते. ते रिकाम्या हाताने निघाले होते, तरी त्यांनी हात खिशात घातले नव्हते.

हॅरोला पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मावशीने दार उघडताच आधी माझं कपाळ पाहिलं.

"टिकली कुठंय?"

"पडली."

"आणि तू तशीच आलीस?" ती चिडली होती. पण काकांनी रशीदभाई एकटे इल्फर्डला गेल्याचं सांगितलं आणि ती टिकलीचं विसरली. रशीदभाईंनी दाढी काढल्याचं सांगितलं तेव्हा ती फोनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. आमटी गार झाली, तिने गरम केली, पुन्हा गार झाली. काका दर थोड्या वेळाने म्हणत, "आता लिव्हरपूल स्ट्रीटला गाडी बदलत असेल," आणि मावशी म्हणे, "गप्प बसा हो." टीव्ही लावायचं कोणी नाव काढलं नाही. बातम्या पाहायची कोणाचीच तयारी नव्हती.

फोन वाजला तो मावशीने पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचलात? रशीदभाई, पोचलात ना?" मग ती बराच वेळ नुसती हं, हं करत राहिली. पलीकडे एका लहान मुलीचा ओरडा मलासुद्धा ऐकू येत होता. शेवटी मावशी म्हणाली, "दाढी वाढवा परत. शोभते तुम्हाला."

फोन ठेवून ती उठली आणि पुढच्या दाराची साखळी लागली आहे का ते पाहून आली. लागलेली होती. तरी तिने ती एकदा काढून पुन्हा लावली.